स्वच्छ घराणं

मामाला आजारी पाडायचं, हे सकाळच्या चहालाच ठरलं.

मामा समोरच बसला होता. आदल्या संध्याकाळी मुलताईहून आलेला, धडधाकट, भाचीला पाहायला पाहुणे येणार म्हणून नवाकोरा शर्ट घातलेला. दुसऱ्यांदा पोहे घेत होता. सिंधूआत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "पाहुण्यांनी विचारलं, पोरीची आई दिसत नाही, तर काय सांगाल? तिच्या भावाची तब्येत बिघडली, तिले अचानक माहेरी जा लागलं. बस. आता तुम्हाले काय झालं म्हणावं?"

"कावीळ," मामा म्हणाला. त्याने जरा विचार करून निवडली होती.

"कावीळ नको," बाबा म्हणाले. "पसरते ती. लग्नात तुमच्या हातचं पाणी नाही घेणार कोणी."

"मंग पडलो म्हणा. बांधावरून. पाय मोडला."

"अन् लग्नात लंगडाल का?" आत्या म्हणाली. "छातीत दुखून राह्यलं म्हणू. ते कोणालेही दुखते."

हे सगळ्यांना पटलं. मामालाही पटलं. मग एकदम लक्षात आलं की छातीत दुखणारा माणूस नवा शर्ट घालून समोरच्या खोलीत बसू शकत नाही. पाहुणे जाईपर्यंत त्याने स्वयंपाकघरात बसावं असं ठरलं. मामा आपली ताटली घेऊन मुकाट्यानं आत गेला. घरात आजार होता, फक्त तो ज्याला होता त्याला सोडून दुसऱ्याला देण्यात आला होता.

मी तेव्हा सातवीत होते. माझं नाव वैजयंती ढोके, पण सगळे वैजू म्हणत. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी प्रतिभाताई, डी.एड. झालेली, दिसायला नीटस, बोलायला कमी. तिला पाहायला परतवाड्याकडचे भुयार येणार होते. मुलगा कृषी खात्यात होता. याआधी दोन स्थळं आली आणि गेली. दोन्ही वेळा आई घरात होती. एकदा ती पाहुण्यांना म्हणाली होती, "तुम्ही बोलता ते तारेवरून पुढे जाते, जरा हळू बोला." पाहुणे हळूच काय, पुन्हा बोललेच नाहीत.

आईशी कोणीतरी बोलायचं. आम्हाला ऐकू यायचं नाही, तिला यायचं. कधी विजेच्या तारेवरून, कधी रेडिओ बंद असताना रेडिओतून. बरे दिवस असले की तिच्यासारखं माणूस नाही. भरली वांगी करील, माझ्या वेण्या घालील, बाबांच्या चालण्याची नक्कल करून ताईला हसवील. वाईट दिवसांत ती नळाच्या तोंडाला फडकी बांधायची, कारण तिकडून कोणी ऐकत असायचं. अशा वेळी काडेपेटी कुठे ठेवायची, दारावर कोणी आलं तर काय बोलायचं, हे सगळं मला येत होतं. भाकरी थापायला शिकण्याच्या आधी आलं होतं.

याला घरात नाव नव्हतं. बाबा 'तब्येत' म्हणायचे. आत्या 'बाहेरचं' म्हणायची आणि त्यासाठी दोन-तीन ठिकाणचे अंगारे आणून झाले होते. आणि सगळेच, अगदी सहज, शेजारणीला सांगावं तसं एक वाक्य जोडायचे: "वैजूच्या वेळेपासून." माझ्या बाळंतपणात आई जी बिघडली ती बिघडलीच. म्हणजे इतर कोणाला कारण माहीत नसलं तरी मला होतं. ते मीच होते.

माझ्यावर मात्र सगळ्यांचा फार जीव. आत्या आली की मला पोटाशी धरून "बिचारी गं बाई माझी" म्हणायची, हातात बिस्किटाचा पुडा द्यायची आणि "आईवर लक्ष ठेवजो बरं" असं सांगून संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

त्या दिवशी तिनं मला परसात नेलं. "वैजू, तू आईले घेऊन धरणाच्या बागेत जाय. डबा देतो. पाहुणे गेले का माहा मनोज लुना घेऊन येईन सांगाले. तोपर्यंत घराकडे यायचं नाही. तुह्या ताईच्या जिंदगीचा प्रश्न आहे, समजलं?"

समजलं होतं. ताईचं लग्न जमलं तर ताई जाणार आणि मग आई आणि मी उरणार, हेही समजत होतं. ते मात्र कोणी विचारलं नव्हतं.

आई न्हाणीतून आली तेव्हा तिनं हिरवी रेशमी साडी नेसली होती. स्वतःहून. केस विंचरून, कुंकू लावून, बांगड्या भरून.

"हिनं साडी काहून बदलली?" आत्या कुजबुजली.

मी म्हटलं, "आई, आपण बागेत जाऊ."

"पाहुणे?"

"ते उद्या येणार आहेत."

आईनं दिवाणावरच्या धुतलेल्या चादरीकडे पाहिलं, ओळीनं मांडलेल्या चिवड्याच्या ताटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

मागच्या दारानं आम्ही निघालो.

आमच्या गावात तास-दोन तास घालवायला एकच जागा होती, ती म्हणजे धरणाच्या पायथ्याची बाग. पाटबंधारेवाल्यांनी केलेली. सिमेंटचं एक हरीण, कण्हेरीच्या रांगा, बोगनवेलीचा मांडव आणि त्याखाली बाक. दुपारच्या उन्हात कोण येणार! पण मांडवाखालच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा सफारी, कपाळाला गंध, पायात चकचकीत बूट. लग्नाला निघालेला माणूस वाटेत कोणी विसरून गेलं असावं, तसे. त्यांच्याजवळ माझ्याएवढी एक मुलगी. नवा फ्रॉक, लाल रिबिनी, मांडीवर पाण्याची बाटली. ती फुलं बघत नव्हती, धरण बघत नव्हती. त्या गृहस्थांच्या हातांकडे बघत होती.

मी थबकले. कारण मीही आईच्या हातांकडेच बघत चालले होते. हात शांत असले की सगळं ठीक असतं.

आई सावलीला म्हणून सरळ त्याच बाकावर जाऊन बसली, दुसऱ्या टोकाला. मी त्या मुलीच्या बाजूला.

"फिरायले आल्या का?" तिनं विचारलं.

"हो. आईले फुलं आवडतात." आईनं फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "अन् तुम्ही?"

"आम्ही गावाले चाललो. बाबाले गाडी लागते. मंग जरा थांबलो."

"कुठं आहे गाडी?"

"येते आता," ती म्हणाली.

दोघीही चांगल्या तरबेज होतो. बराच वेळ गेला. तिचं नाव बेबी. शाळेत मनीषा, पण हाक बेबी. तिनं घड्याळ बघितलं, मनगटावर तिच्या बापाचं मोठं घड्याळ होतं, आणि फ्रॉकच्या खिशातून कागदात गुंडाळलेली गोळी काढली. "बाबा, घ्या." त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. बाटली धरताना हात थरथरत होता. बेबीनं खालून बाटलीला हात लावून ठेवला होता, त्यांना कळू नये इतका हलका.

"गाडी लागते त्याची गोळी का?" मी विचारलं.

बेबीनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आई पदरानं एक कान झाकून वरच्या विजेच्या तारेकडे टक लावून बसली होती, ओठ पुटपुटत होते.

"तुह्या आईले ऐकू येते का?" बेबी म्हणाली. "कोणी नसताना?"

मला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"माह्या बाबालेही येते. आता कमी झालं. गोळ्यांनी कमी होते." मग वर्गात बाईंनी उठवल्यावर राजधानीचं नाव सांगावं तसं ती म्हणाली, "त्याले स्किझोफ्रेनिया म्हणतात."

"काय?"

तिनं पुन्हा सांगितलं. मी तिला परत एकदा सांगायला लावलं आणि मनात घोकलं. शब्द अवघड होता, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो होता. कोणीतरी बसून या गोष्टीला नाव ठेवलं होतं. म्हणजे ही गोष्ट आमच्याच घरात घडली नव्हती. एका माणसासाठी कोणी एवढा अवघड शब्द करत नाही.

"तुले कोणी सांगितलं?"

"नागपूरले डॉक्टरीणबाई आहेत. शनिवारी जातो आम्ही. बाबाले तपासतात, मंग मले वेगळं बसवतात. मलेच एकटीले. बिस्कीट-गिस्कीट देत नाहीत, नुसतं विचारतात."

"काय विचारतात?"

"पहिल्या वेळी विचारलं, तुले काय वाटते, बाबाले कशानं झालं?"

"मग तू काय सांगितलं?"

"मी सांगितलं, माह्यामुळे. मी लहान होती तेव्हा तापानं फणफणली, अन् बाबा औषध आणाले गेले पावसात, अन् भिजले, अन् तेव्हापासून. घरी सगळे असंच म्हणतात. तर बाई म्हणाल्या, माझ्याकडे जी पोरं येतात ती सगळीच असं सांगतात. सगळीच म्हणतात, माझ्यामुळे."

"सगळीच?"

"हो ना. मंग बाई म्हणाल्या, आता सगळ्यांमुळे कसं होईन? तुझ्यामुळे झालं नाही, अन् तुझ्याच्यानं बरंही व्हायचं नाही. तुझं काम शाळेत जायचं."

बोगनवेलीची वाळलेली फुलं वाऱ्यानं सरकत सरकत माझ्या चपलेपाशी येत होती. मी ती पायानं लोटत राहिले. मला रडू आलं नाही, पण मला एकदम फार भूक लागली. मी डबा उघडला. पोळी-भाजी चौघांत वाटली. बेबीच्या बाबांनी "नको, नको" म्हणत दोन पोळ्या खाल्ल्या. त्यांना घरात सगळे नाना म्हणत.

खाताना आई पहिल्यांदा बोलली. "तुमच्याकडे तारा आहेत का?"

"होत्या," नाना म्हणाले, फार अदबीनं. "आता इतक्या त्रास देत नाहीत. औषध सुरू आहे."

"माझ्याशी बोलतात त्या."

"काय म्हणतात?"

"फार वाईट बोलतात हो," आई म्हणाली.

"माझ्याशीही तसंच बोलायच्या. ऐकायचं नाही. म्हणजे ऐकू तर येतं, पण उत्तर द्यायचं नाही."

आईनं ते मनावर घेतल्यासारखी मान हलवली, आणि पदर कानावरून खाली घेतला. थोड्या वेळानं परत वर घेतला, पण तेवढा वेळ तरी खाली होता.

बेबी आता मोकळी झाली होती. डबा चाटूनपुसून म्हणाली, "गाडी-बिडी काही लागत नाही बाबाले. आम्ही पोरगी पाहाले आलो. माह्या चुलत भावासाठी. हेमंतदादासाठी. सगळे तिकडे गेले, माही आईही. मोठे बाबा म्हणाले, नानाले तिथं नेलं तर जमत असलेलं मोडन. म्हणून आम्हाले इथं उतरवून देलं."

माझ्या हातात डब्याचं झाकण होतं. "कोणाकडे आहे पोरगी?"

"ढोके मास्तर म्हणून आहेत कोणी."

"कशी आहे म्हणतात?"

"पोरगी चांगली आहे. अन् मुख्य म्हणजे घराणं स्वच्छ आहे म्हणतात. मोठे बाबा सांगत होते गाडीत, की आजकाल असं स्वच्छ घराणं शोधून सापडत नाही. पोरीचा मामा आजारी पडला तर आई बिचारी पाहुण्यांची वाट न पाहता धावत गेली म्हणे. गावात शिरतानाच फाटकापाशी भेटला कोणी त्यांचा माणूस, त्यानं सांगितलं."

मनोज असणार. आत्याचं पोरगं, त्याला कुठली गोष्ट कधी सांगायची याचं भान नव्हतं.

मी म्हटलं, "मामा स्वयंपाकघरात बसला आहे. चिवडा खात असेल."

"कोणाचा मामा?"

"माझा. मी त्या पोरीची बहीण आहे. अन् ही तिची आई."

बेबीनं माझ्याकडे पाहिलं, आईच्या हिरव्या रेशमी साडीकडे पाहिलं, आपल्या बापाच्या पांढऱ्या सफारीकडे पाहिलं. तिच्या तोंडातून आधी एक चमत्कारिक आवाज आला, मग ती हसायला लागली. मीही. पोट धरून, बाकावर वाकून, सिमेंटच्या हरणापर्यंत आवाज जाईल अशा आम्ही हसलो. थांबायचो, एकमेकींकडे बघायचो, पुन्हा सुरू. नाना कौतुकानं बघत होते. आई म्हणाली, "काय झालं?" आणि तीही हसली, कारण न कळता.

मग हसू संपलं.

"सांगशील का घरी?" बेबीनं विचारलं.

"तू?"

तिनं रिबीन सोडली, पुन्हा बांधली. "मोठे बाबा मारत नाहीत, पण बोलत नाहीत मंग महिनाभर. माह्या आईशीही बोलत नाहीत. आम्ही त्यांच्याच घरात राहतो."

"मी सांगितलं तर ताईचं मोडेल. हे तिसरं आहे."

सांगायचं नाही असं ठरलं. लहान असलो तरी आम्हीही शेवटी त्याच घराण्यांच्या होतो.

पण तेवढ्यात जीप आली. मनोजची लुना नव्हे, जीप. चालवणारा एकटाच होता. उंच, सावळा, कोऱ्या कपड्यांत अवघडलेला. हातात पेढ्याचा पुडा. "काका, जमलं!" तो लांबूनच म्हणाला. "पेट्रोल भरून आणतो सांगून निघालो. म्हटलं पहिला पेढा तुम्हाले." मग त्याला आम्ही दिसलो. "ह्या कोण?"

हा कोण ते मला सांगायला नको होतं.

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सासू बघते तसं. "तुम्ही जावई का?" ती म्हणाली.

हेमंतदादानं बेबीकडे पाहिलं. बेबीच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

"प्रतिभाची आई मी," आई म्हणाली. "मले सांगितलं, पाहुणे उद्या येणार आहेत." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "चहा चांगला झाला होता का? प्रतिभा साखर कमी टाकते."

"चांगला होता," तो म्हणाला.

"ह्यांना इथं काहून बसवलं? एवढे कपडे करून आले ते. घरात जागा नव्हती का आमच्या?"

हेमंतदादानं पेढ्याचा पुडा उघडला, एक नानांना दिला, एक आईला दिला, आणि वाकून आईच्या पाया पडला. आई उठली, चालत गेली आणि जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसली. नानाही उठले, तिच्या समोरच्या बाकड्यावर बसले. कोणी विचारलं नाही, त्यांनीही कोणाला विचारलं नाही. हेमंतदादा किल्ली काढत म्हणाला, "चला."

घरापाशी पोचलो तेव्हा मंडळी ओट्यावर निघाली होती. आत्या हेमंतदादाच्या वडलांना, म्हणजे भुयारांना, तुळशीवृंदावन दाखवत होती. जीपमधून आधी बेबी उतरली, मग मी, मग नाना, मग हिरव्या साडीतली आई. आत्याचा हात तुळशीकडे दाखवता दाखवता तसाच राहिला.

पुढे जे झालं ते मी अजून आठवते तेव्हा मला दोन्ही घरच्या मोठ्या माणसांचं खरंच कौतुक वाटतं. कोणी ओरडलं नाही. कोणी कोणाला फसवलं म्हणालं नाही. बाबा पुढे आले आणि म्हणाले, "अरे वा! आली का तू? लवकर आली माहेरून."

"भावाले बरं वाटलं वाटते," भुयार म्हणाले.

त्याच क्षणी, बहिणीचा आवाज ऐकून, मामा स्वयंपाकघरातून बाहेर आला. मिशीला शेव लागली होती.

"हे?" भुयार म्हणाले.

"हे हिचे भाऊ," बाबा म्हणाले.

"छातीत दुखून राह्यलं होतं ते?"

"आता बरं आहे," मामा म्हणाला, आणि खात्रीसाठी छातीवरून हात फिरवला.

"फारच लवकर आराम पडला."

"हो, कृपा आहे." मग बाबांना बळ आलं. त्यांनी नानांकडे पाहिलं. "अन् हे पाहुणे? मघा दिसले नाहीत."

आता पाळी भुयारांची होती. "हा माझा लहाना भाऊ. ह्याले गाडी लागते. म्हणून बागेत थांबला होता जरा."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "रस्ता फार खराब आहे इकडचा."

"फारच."

"हिलेही बस लागते."

"लागतेच."

झालं. गाडी सगळ्यांना लागते, छातीत कोणालाही दुखतं. सगळे पुन्हा आत आले. सतरंजीवर बसले. पुन्हा चहा टाकला. नानांच्या हातात कप-बशी दिली आणि ती खडखड वाजू लागली. सगळे त्या बशीकडे न बघायचा प्रयत्न करत होते. आई दिवाणाच्या कोपऱ्यात वरच्या बल्बकडे बघत पुटपुटत होती, तिच्याकडेही कोणी बघत नव्हतं. सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ताई दारात उभी होती, जांभळ्या साडीत, पांढरीफटक.

काहीतरी बोलायचं म्हणून आत्यानं मला विचारलं, "मंग बाई, काय काय पाहिलं बागेत?"

फुलं पाहिली म्हणायचं होतं. मी ते म्हणायला तोंडही उघडलं होतं.

"नानाजींना स्किझोफ्रेनिया आहे," मी म्हटलं. शब्द पहिल्या झटक्यात नीट आला याचं मला समाधान वाटलं. "आईलाही बहुतेक तोच असेल. त्यावर गोळ्या असतात. नागपूरला डॉक्टरीणबाई आहेत, त्या शनिवारी बघतात. आणि ते माझ्यामुळे झालेलं नाही."

शेवटचं वाक्य मी सांगणार नव्हते. ते आपोआप आलं. आणि त्यानंच बाबांचा चेहरा कसातरी झाला. बाकीचं त्यांनी एक वेळ ऐकून घेतलं असतं.

"वैजू," ते म्हणाले. "असं कोण म्हणालं, की तुझ्यामुळे?"

मी आत्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडेच पाहिलं. कोणाचं नाव घ्यायचं मला कळेना.

भुयारांनी बशी खाली ठेवली. आता ते उठणार असं वाटलं. त्यांनी गुडघ्यावर हातही टेकले. तेवढ्यात ताई दारातून आत आली. मुलीनं पाहुण्यांच्या देखत आपणहून बोलायची रीत नव्हती आणि ताई तर रीतीबाहेर कधीच गेली नव्हती. ती बेबीसमोर बसली आणि म्हणाली, "शनिवारी किती वाजता असतात त्या?"

बेबीच्या आधी उत्तर हेमंतदादानं दिलं. "सकाळी दहापासून. पण लवकर जाऊन नंबर लावा लागते. काकाले मीच नेतो."

"आईला घेऊन मी आले तर चालेल?"

"चालेल ना," तो म्हणाला. "मी दोन नंबर लावून ठेवीन."

मुलगामुलगी त्या दिवशी एकमेकांशी बोलले ते एवढंच. बेबीची आई इतका वेळ बायकांच्या घोळक्यात शेवटी बसली होती, पदर ओढून, कोणी बोललं तर हूं म्हणत. ती उठली. सगळ्यांच्या मधून चालत आली आणि दिवाणावर माझ्या आईजवळ बसली.

भुयारांनी गुडघ्यावरचे हात काढले. "बरं मंग," ते बाबांना म्हणाले, "साक्षगंध कधी करायचं, पाहून घ्या पंचांगात."

लग्न वैशाखात झालं. त्या दिवशी मी जे बोलले त्याचा उल्लेख मोठ्यांपैकी कोणीही, कधीही केला नाही. आत्या पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत असे, "आमच्या प्रतिभेचं एका बैठकीत जमलं. दोन्हीकडची घराणी स्वच्छ ना!" आई पूर्ण बरी झाली असंही नाही. गोळ्या लागू पडल्या, मग बदलल्या, मग पुन्हा लागू पडल्या. नळाची फडकी सुटली. रेडिओशी तिचं शेवटपर्यंत नीट जमलं नाही. पण माझ्या आणि बेबीच्या मुलांना तिनं आजी म्हणून जेवढं दिलं तेवढं धडधाकट आज्या देताना मी पाहिलेलं नाही.

पण सांगायचा राहिला तो पहिला शनिवार.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. आई, ताई, मी आणि बाबा. बाबा येणार नव्हते. ऐनवेळी कोट घालून स्टँडवर येऊन उभे राहिले. गाडीत मात्र आमच्यापासून दोन बाकं पुढे बसले. आमच्या गल्लीतले टेकाडे तलाठी त्याच गाडीत होते, बायको आणि लहान मुलगी बरोबर. बायकोनं डोक्यावरून शाल घट्ट ओढली होती.

"कुठं निघाले मास्तर, सहकुटुंब?" टेकाड्यांनी विचारलं.

"नागपूरले. लग्नाच्या साड्या पाहून येतो," बाबा म्हणाले. "अन् तुम्ही?"

"कोर्टात तारीख आहे."

"शनिवारी?"

"खास लावली," टेकाडे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

नागपूरला उतरल्यावर त्यांनी रिक्षा केली, आम्ही चालत निघालो. वाट विचारत, चुकत, दवाखान्यात पोचलो तेव्हा हेमंतदादा, नाना आणि बेबी दारातच होते. व्हरांड्यात लांब बाकं होती आणि ती गच्च भरली होती. शेवटच्या बाकावर कोर्टाची तारीख असलेलं कुटुंब बसलं होतं.

बाबा आणि टेकाडे एकमेकांसमोर आले. पळायला जागा नव्हती.

"झाल्या का साड्या घेऊन?" टेकाडे म्हणाले.

"दुकान उघडायचं आहे अजून," बाबा म्हणाले. "तुमची तारीख?"

"पुढची देली."

टेकाड्यांनी हातातला पेपर उघडून तोंडासमोर धरला. बाबांनी त्यांच्याकडून आतलं एक पान मागून घेतलं आणि तेही वाचू लागले. टेकाड्यांची मुलगी बाकाच्या कडेला बसली होती, दुसरी-तिसरीत असेल, पाय जमिनीला पुरत नव्हते. मी तिच्या शेजारी जागा करून बसले.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "तू साडी घ्यायले आली का?"

"नाही," मी म्हटलं. "आईला दाखवायला."

तिनं आधी पेपरामागच्या आपल्या बापाकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"मीपण," ती म्हणाली.